दोन चित्रांच्या मधे

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख 'मेंदूचे फोटो काढणाऱ्या बाई' अशी करून दिली. अध्यक्ष स्वतः न्यूरोसर्जन आहेत, तेव्हा त्यांच्या तोंडून हे कौतुकच समजायचं असतं. (हशा) पण वर्णन चुकीचं नाही. आज ज्या घटनेबद्दल बोलायचंय ती घडताना सहसा कुणाला दिसत नाही. एका चित्रात मेंदूतला रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, पुढच्या चित्रात तो नसतो. मधे काय झालं ते आपण मागाहून, अंदाजानं जुळवतो. घटना दोन फोटोंच्या मधली, म्हणून फोटोवाल्या बाईला बोलावलंत, हे योग्यच केलंत.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी वेळ उरत नाही हा माझा लौकिक आहे. मेंदूतले हे गुंते कधीकधी कुणी हात न लावता बंद होतात, हे खरं. पण बहुतेकांच्या बाबतीत त्याची किंमत पेशंटनं आधीच चुकवलेली असते. शिवाय ज्या जातीचे गुंते असे बंद होतात, त्याच जातीच्या गुंत्यांवर उपचार करणंही सगळ्यात सोपं असतं. म्हणून 'थांबू या, होईल बंद' हा सल्ला ज्याला लागू पडेल त्याला त्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला तो लागू पडत नाही. आता हे पटवून द्यायला थोडी पार्श्वभूमी लागेल.

मागच्या व्याख्यानात आपण धमनीवरच्या फुग्यांबद्दल बोललो होतो, त्यामुळे धमनी, नीला, केशवाहिन्या हे पुन्हा सांगत नाही. नवीन आलेल्यांसाठी एवढंच. शेताला पाणी देताना ते पाटातून सरीत येतं, सरीतून वाफ्यात पसरतं, तिथं मुरतं, त्याचा जोर मोडतो आणि उरलंसुरलं निचऱ्याच्या चरातून निघून जातं. मधेच बांध फुटून पाट थेट चराला मिळाला, तर वाफे कोरडे राहतात, आणि एवढ्या पाण्यासाठी कधी खणलाच नव्हता तो चर काठ ढासळवत वाहू लागतो. मेंदूतल्या एव्हीएममध्ये (आर्टिरिओव्हेनस मालफॉर्मेशन, म्हणजे आपला हा गुंता) हेच होतं. धमन्या आणि नीला यांच्यामधलं केशवाहिन्यांचं जाळंच नसतं. त्याऐवजी वेड्यावाकड्या नळ्यांचा एक पुंजका असतो, त्याला आम्ही निडस म्हणतो. धमनीचा दाब न मोडता तसाच नीलेत उतरतो. कवटी उघडल्यावर सर्जनला तिथल्या नीला निळ्या दिसत नाहीत, लालभडक दिसतात, कारण त्यांच्यातून धमनीचंच रक्त वाहत असतं.

हे गुंते विरळ असतात. वर्षाला लाखात साधारण एखाद्याला नव्यानं सापडतात. कुणाला फिट येते म्हणून, कुणाचं डोकं दुखतं म्हणून, कुणाचा भलत्याच कारणासाठी एमआरआय काढला म्हणून, आणि फार जणांना मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून. रक्तस्रावाचा धोका वर्षाला २ ते ४ टक्के धरतात. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांचा सरासरी जवळजवळ २४ वर्षं माग ठेवला होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा आकडा वर्षाला ४ टक्के आला. 'अहो, चारच टक्के ना?' असं नातेवाईक म्हणतात. पण ते दर वर्षी आहेत. धोका ३ टक्क्यांवर कायम धरला तरी ३० वर्षांत एकदा तरी स्राव होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते. आणि हे पेशंट बहुतेक तरुण असतात, त्यांच्यापुढे तीस वर्षं सहज असतात.

अँजिओग्राफीत हा गुंता ओळखायची एक खूण आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. रक्तात सोडलेला डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं द्रावण, धमन्यांतून केशवाहिन्यांत आणि तिथून नीलांत जायला काही सेकंद घेतो. एव्हीएममध्ये धमन्या भरत असतानाच एखादी नीला भरलेली दिसते. वेळेआधी उगवलेली नीला. माझे विद्यार्थी कुठल्याही परीक्षेत हे झोपेत सांगतात. झोपेत ऐकलेलं असतं म्हणून.

तर अँजिओग्राफी. इथं मला एक जुनी तक्रार मांडायची आहे. मागच्या रांगेतल्या मुलांनी ती अनेकदा ऐकली आहे, त्यांनी डोळे मिटले तरी चालेल.

एगास मोनिझ. जन्म १८७४, पोर्तुगाल. हा गृहस्थ न्यूरॉलॉजिस्ट होता, पण आयुष्याचा बराच काळ राजकारणात गेला. खासदार झाला, परराष्ट्रमंत्री झाला, पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचा प्रमुख होता. मग राजकारण सुटलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर, ज्या वयात आमच्या व्यवसायातली माणसं समित्यांवर जायला लागतात, त्या वयात त्यानं एक नवा प्रश्न हातात घेतला. क्ष-किरणांना कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. अमेरिकेत वॉल्टर डँडीनं १९१८ पासून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढायला सुरुवात केली होती. पेशंटचे हाल व्हायचे, पण काहीतरी दिसायचं. मोनिझचं म्हणणं असं की हवा कशाला, रक्तच दिसेल असं करू या. रक्तवाहिन्यांचा नकाशा मिळाला की गाठ कुठं आहे ते वाहिन्या कशा ढकलल्या गेल्यात त्यावरून कळेल.

गंमत बघा, त्याचे स्वतःचे हात गाऊटनं वाकडे झाले होते. सुई धरता येत नसे. सुई धरायची ती आल्मेदा लिमा या त्याच्या तरुण सहकाऱ्यानं. आधी मृतदेहांवर, कुत्र्यांवर प्रयोग, मग माणसं. सुरुवातीला स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं, त्यात एक पेशंट दगावला. थांबले, द्रावण बदललं, सोडियम आयोडाइड घेतलं. मानेला छेद देऊन कॅरोटिड धमनी उघडी करायची, काही काळ बांधायची, सुई टोचायची, आणि द्रावण आत जाताजाता फोटो काढायचा. एकच फोटो. क्षण चुकला की गेला. २८ जून १९२७ या दिवशी लिस्बनमध्ये, पियूषिका ग्रंथीची गाठ असलेल्या एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा नीट दिसल्या. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत रक्त कुठून कुठं जातं हे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

आता सांगा, या माणसाला नोबेल कशाबद्दल मिळालं? मिळालं, हे खरं. १९४९ साली. पण अँजिओग्राफीबद्दल नाही! मिळालं ते ल्युकोटॉमीबद्दल, म्हणजे मानसिक आजारासाठी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू कापण्याबद्दल. १९३५ मध्ये त्यानं ते सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत त्या शस्त्रक्रियेनं किती माणसांचं माणूसपण पुसलं गेलं ते तुम्ही वाचलेलं असेल. १९५० च्या दशकात औषधं आली आणि ती शस्त्रक्रिया अडगळीत गेली. पुढे पेशंटच्या नातेवाइकांनी मोनिझचं नोबेल परत घ्या अशी मागणीही केली. आणि ज्या कामाला बक्षीस मिळालं नाही, ते आज, आत्ता मी बोलत असतानासुद्धा, जगात कुठंतरी चालू आहे. कुणीतरी पेशंटच्या मांडीतून नाहीतर मनगटातून कॅथेटर वर नेत असेल. अँजिओग्राफीसाठीही त्याचं नाव नोबेलला सुचवलं गेलं होतं, पण समितीला ते पुरेसं वाटलं नाही. मोजमाप नसलेल्या दुःखाला मिळालेलं बक्षीस आणि मोजता येणाऱ्या प्रकाशाला मिळालेला नकार, असं काहीतरी अलंकारिक मी तरुणपणी एका भाषणात म्हटलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हाही नीट कळला नव्हता. (हशा)

आणि हे एकट्या मोनिझचं नाही. क्ष-किरणांचं नोबेल, १९०१, रोंटगेन भौतिकशास्त्रज्ञ. सीटी स्कॅनचं नोबेल, १९७९, हाउन्सफील्ड इंजिनिअर आणि कॉरमॅक भौतिकशास्त्रज्ञ. एमआरआयचं, २००३, लाउटरबर रसायनवाला, मॅन्सफील्ड भौतिकवाला. या सगळ्यांत रेडिओलॉजिस्ट कुठं आहे? सेल्डिंगर होता रेडिओलॉजिस्ट. स्वीडनचा. सुई, तार, नळी या तीन वस्तूंच्या क्रमाचा विचार करून त्यानं १९५३ साली शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही वाहिनीत शिरायचा सुरक्षित रस्ता दाखवला. आज अतिदक्षता विभागात दिवसभर तेच वापरतात. त्याच्या नावानं पद्धत ओळखली जाते, बक्षीस मात्र नाही, आणि नोबेल द्यायची समिती तर त्याच्याच देशात!

मोनिझची बाजू मी घेते म्हणून त्याला देवही करत नाही. सोडियम आयोडाइडनं त्रास व्हायचा, म्हणून पुढे त्यानं थोरोट्रास्ट वापरायला सुरुवात केली. फोटो सुरेख यायचे. पण ते थोरियम होतं, किरणोत्सारी. ते यकृतात आणि प्लीहेत कायमचं मुक्कामाला राहायचं आणि पंचवीस-तीस वर्षांनी तिथं कर्करोग उभा करायचा. फोटो काढणाऱ्या बाईनं हेही सांगायला हवं.

तर या सगळ्याचा आपल्या विषयाशी काय संबंध? संबंध असा की १९२७ च्या आधी 'गुंता बंद झाला' हे वाक्यच कुणाला म्हणता आलं नसतं. गुंता दिसायचा तो एक तर शवविच्छेदनात किंवा शस्त्रक्रियेत अचानक. १९२८ साली कुशिंग आणि बेली या अमेरिकन न्यूरोसर्जननी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या गुंत्यांबद्दलचा सूर असा की हात लावू नका, आणि त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. शवविच्छेदनात गुठळीनं भरलेला गुंता सापडला, तरी तो कधीकाळी वाहता होता आणि अमुक वर्षी थांबला हे कोण सांगणार? त्यासाठी एकाच माणसाची दोन चित्रं लागतात. आधी आणि नंतर.

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर एक पेशंट सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. तरुण माणूस, फिट आली म्हणून तपासणी झाली, मेंदूच्या मागच्या बाजूला, पृष्ठभागाजवळ, लहानसा गुंता सापडला. एक धमनी, एक नीला. गॅमा नाइफनं किरणोपचार करायचे ठरले. बऱ्याच महिन्यांनी, उपचाराच्या आखणीसाठी अँजिओग्राफी केली, तर गुंता नाही. वेळेआधी उगवणारी नीलाही नाही. सगळं स्वच्छ.

पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? 'मॅडम, दुसऱ्याच पेशंटचा फोटो बघताय.' हे आमच्या शिकाऊ डॉक्टरनं म्हटलं. सर्जन तेच म्हणाले, जरा सभ्य शब्दांत. मग नाव, नंबर, कवटीचा आकार, सायनसची ठेवण, सगळं जुळवलं. पेशंट तोच. मग श्रेय घ्यायला रांग लागली. ज्या डॉक्टरांनी फिटची गोळी चालू केली होती त्यांचं म्हणणं, गोळीचा असा परिणाम त्यांनी आधीही पाहिलाय. पेशंटच्या भावाचं म्हणणं, रात्रीची जागरणं बंद करायला लावली म्हणून. सर्जन मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, 'माझं नाव ऐकूनच पळाला असेल.' पेशंट स्वतः एवढंच विचारत होता की आता फिटच्या गोळ्या बंद करू का. त्या बंद करायच्या नव्हत्या. गुंता गेला तरी त्याच्या आजूबाजूची मेंदूचा भाग तसाच असतो. पण त्याच्या प्रश्नाला त्या खोलीत सगळ्यात उशिरा उत्तर मिळालं.

मला चैन पडेना. एमआरआयचा एक सीक्वेन्स असतो, तो लोहाला फार संवेदनशील असतो. जुन्या रक्ताचं हिमोसिडेरिन जिथं साचलंय तिथं काळा डाग दाखवतो. तो काढला. गुंत्याच्या जागी काळी कड. म्हणजे रक्तस्राव झालेला होता. पुन्हा पेशंटला विचारलं, तेव्हा कुठं बायकोला आठवलं. मधल्या काळात एकदा डोकं असं दुखलं होतं की उलट्या झाल्या, दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते, मायग्रेन म्हणून औषध दिलं होतं. तो मायग्रेन नव्हता. गुंता फुटला होता, थोडक्यात निभावलं, आणि जाताजाता गुंता बंद करून गेलं. ती जागा दोन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे असती, किंवा रक्त चमचाभर जास्त असतं, तर श्रेय घ्यायला कुणी पुढे आलं नसतं.

...अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं.' अक्षर डॉक्टरांचं असूनही वाचता आलं म्हणजे त्यांना खरंच घाई आहे. तर जाहीर केलेला विषय आता भरभर उरकते.

किती गुंते असे बंद होतात? मोठ्या रुग्णसमूहांतून आलेले आकडे ०.८ ते १.३ टक्के असे आहेत. शंभरात एक समजा. पण हा आकडा लंगडा आहे. बंद झाला हे कळायला दुसरं चित्र लागतं, आणि बहुतेकांवर लवकर उपचार होतात, त्यामुळे त्यांचं 'उपचाराविना' दुसरं चित्र कधी निघतच नाही. दुसरीकडे, ज्यांचे गुंते निदानाआधीच गुपचूप बंद झाले ते आमच्याकडे येतच नाहीत. म्हणजे भागाकारातला वरचा आकडाही अपुरा आणि खालचाही. तरीही हे विरळ आहे एवढं नक्की.

कुठले बंद होतात? प्रसिद्ध झालेले रुग्ण एकत्र केले की चेहरा दिसतो. लहान निडस, बहुतेकदा ३ सेंटिमीटरच्या आतला. बाहेर जायला एकच नीला. पुरवणाऱ्या धमन्या थोड्या. आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांत रक्तस्राव झालेला. उरलेल्यांत काही जणांना नुसती डोकेदुखी किंवा फिट, आणि थोड्यांना काहीच नाही. बंद व्हायला कधी काही आठवडे लागतात, कधी अनेक वर्षं.

का बंद होतात? फिर्खो या जर्मन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात गुठळीवर जे काम केलं त्यावरून पुढच्यांनी तीन कारणांची चौकट बांधली. वाहिनीची भिंत बिघडली, प्रवाह मंदावला किंवा रक्तच जास्त गोठणारं झालं, तर गुठळी होते. गुंत्यात तिन्ही शक्य आहेत. रक्तस्राव झाला की साचलेलं रक्त बाजूनं दाबतं, पुरवठा करणाऱ्या धमन्या आकुंचन पावतात, प्रवाह रेंगाळतो. वर्षानुवर्षं धमनीचा दाब सोसून नीलेची भिंत जाड झालेली असते, आतून अरुंद होत जाते आणि एक दिवस तिच्यात गुठळी धरते. क्वचित पुरवठा करणारी धमनीच काठिण्यानं बुजते.

इथं एक विचित्र गोष्ट आहे आणि तिला खरं तर मला वीस मिनिटं द्यायची होती. सर्जन गुंता काढताना आधी एकेक धमनी बंद करतो, नीला सगळ्यात शेवटी. आधी नीला बंद केली तर येणारं रक्त येतच राहतं, जायला वाट नसते, गुंता फुगतो आणि टेबलावर फुटतो. हे सर्जरीतलं पहिलं पथ्य आहे. आणि आपोआप बंद होणाऱ्या बऱ्याच गुंत्यांत निसर्ग हेच पथ्य मोडतो. नीला आधी बंद करतो! गुंता लहान असेल, येणारी धमनी बेताची असेल, तर मागे दाब वाढला तरी निभावतं, रक्त थबकतं, गुठळी मागेमागे सरकत सगळा गुंता भरते. गुंता मोठा असेल तर तीच गुठळी त्याला फोडते. म्हणून माझ्या त्या पेशंटसारख्या माणसाच्या बाबतीत एक प्रश्न सुटत नाही. रक्तस्राव झाला म्हणून गुंता बंद झाला, की नीला बंद होऊ लागली म्हणून रक्तस्राव झाला? दोन चित्रांत याचं उत्तर नसतं. तिसरं चित्र नेमकं मधल्या रात्रीचं हवं होतं, आणि त्या रात्री तो मायग्रेनची गोळी घेऊन पडला होता.

आता मुद्दा. लहान निडस आणि एकच नीला. ती नीला पृष्ठभागाकडची असेल आणि मेंदूच्या नाजूक भागापासून गुंता दूर असेल, तर स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी १९८६ मध्ये शस्त्रक्रियेच्या जोखमीची जी प्रतवारी केली, तिच्यात ही पहिली पायरी झाली. ३ सेंटिमीटरच्या आत म्हणून एक गुण, जागा आणि नीलेची खोली यांचे शून्य. याच गुंत्यांना अध्यक्ष सुखरूप काढतात, आणि याच आकाराचे गुंते किरणोपचारानं दोन-तीन वर्षांत बंद व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. जो मोठा, खोल, चार-पाच नीलांचा गुंता आहे, ज्याला आम्ही सगळेच घाबरतो, तो आपोआप बंद होण्याच्या आशेवर सोडता येत नाही, कारण तो बंद होणाऱ्यांतला नसतोच. माझ्या सुरुवातीच्या वाक्याचा पुरावा एवढाच.

कुणीतरी लगेच अरुबाचं नाव घेईल, म्हणून आधीच बोलते. न फुटलेल्या गुंत्यांवर उपचार करावेत की फक्त लक्षणांची औषधं द्यावीत, यासाठी ती चाचणी होती. २०१३ मध्ये भरती मधेच थांबवली, २०१४ मध्ये निकाल छापून आला. २२३ रुग्ण, सरासरी ३३ महिने. मृत्यू किंवा स्ट्रोक नुसत्या औषधांच्या गटात १०.१ टक्के, उपचारांच्या गटात ३०.७ टक्के. सर्जन मंडळी अजून रागावलेली आहेत. एवढ्या कमी काळात उपचाराचा धोका दिसतो, फायदा दिसत नाही, शिवाय शस्त्रक्रिया, किरण, एम्बोलायझेशन (म्हणजे वाहिनी आतून बुजवणं) सगळं एकाच गटात घातलंय. हे आक्षेप मला मान्य आहेत. पण बघा, अरुबातसुद्धा 'हात लावू नका' असं म्हणताना कुणी गुंता बंद होईल असं म्हणत नाही. तिथं थांबायचं कारण उपचाराची जोखीम आहे. मोठ्या गुंत्यांतही आपण कधीकधी त्याच कारणानं थांबतो. पेशंटला समजावताना या दोन थांबण्यांची गल्लत होते. नातेवाईक ऐकतात 'थांबू या' आणि घरी जाऊन सांगतात 'आपोआप बरा होईल म्हणाले'. तसं नसतं म्हणाले.

पाच मिनिटं? तीन. बरं.

गुंता गेला असं वाटलं तरी तो गेलेला असेलच असं नाही. स्राव झाल्यावर लगेच अँजिओग्राफी केली तर साचलेल्या रक्ताच्या दाबानं छोटा निडस चेपून अदृश्य झालेला असू शकतो. रक्त विरघळलं की तो पुन्हा भरतो. म्हणून काही आठवड्यांनी, साधारण दोन-तीन महिन्यांत, चित्र पुन्हा काढायचं, आणि नुसत्या सीटी-एमआरआयवर भागवायचं नाही, कॅथेटरची अँजिओग्राफी करायची. सगळ्या वाहिन्यांत डाय सोडायचा, डोक्याच्या बाहेरच्या कॅरोटिडमध्येसुद्धा. निडस नाही आणि वेळेआधीची नीला नाही, हे दोन्ही असेल तरच बंद म्हणायचं. नीला दिसतेय आणि निडस दिसत नाही, तर तो बंद नाही, तुम्हाला दिसला नाही.

खरोखर बंद झालेले गुंतेही पुन्हा उघडल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांत तर शस्त्रक्रियेनं पूर्ण काढलेला, अँजिओग्राफीनं खात्री केलेला गुंताही काही वर्षांनी परत आलेला आहे. २०१८ मध्ये या गुंत्यांच्या पेशींत केआरएएस जनुकातला बदल सापडला, ७२ पैकी ४५ रुग्णांच्या ऊतींत. म्हणजे ज्याला आपण जन्मजात, स्थिर नळकाम समजत होतो ती चालती-बोलती ऊती आहे, वाढते, आक्रसते. तेव्हा मुलांचं एक चित्र स्वच्छ आलं म्हणून फाइल बंद करायची नाही. मोठं झाल्यावरही एकदा बघायचं.

ड्युरल फिस्टुला राहिलेच. ते मेंदूच्या आवरणातले, धमनी-नीलेचे थेट जोड, वेगळ्या जातीचे. डोळ्यामागच्या कॅव्हर्नस सायनसमधले, मंद प्रवाहाचे फिस्टुला तर आपोआप बंद होण्यात एव्हीएमच्या कितीतरी पुढे आहेत, आणि तिथं काही पेशंटना नुसतं थांबणं खरोखर चालतं. डोळ्यातला दाब आणि नजर तपासत राहायची एवढी अट. नजर उतरायला लागली, किंवा रक्त मेंदूच्या नीलांत उलटं शिरताना दिसलं, तर त्याच दिवशी फोन करायचा. अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न असतील तर विचारा, मी इथंच आहे.